अक्कांचा नेम

सोलापूरच्या स्टँडवर नळदुर्गकडे जाणाऱ्या एस.टी.त मला जागा मिळाली ती बरोबर मागच्या चाकावर. त्या जागेवर बसून हाडं शाबूत राहिली तर प्रवासवर्णन लिहू, असं मी तेव्हाच ठरवलं. काम मात्र नाजूक होतं. अणदूरच्या पलीकडच्या एका खेड्यात आयुष्य घालवलेल्या मार्था नावाच्या स्कॉटलंडच्या मिशनरी बाईंना मुंबईच्या बोटीपर्यंत पोचवायचं होतं. त्यांचे गुडघे गेले होते आणि मिशननं त्यांना मायदेशी परत बोलावलं होतं. मी नगरच्या मुलींच्या शाळेतली शिक्षिका, दोन पिढ्यांची ख्रिस्ती. सोबत कोण जाणार म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, कारण मला नाही म्हणता येत नाही.

पूर्वी सोलापूर सोडलं की निजामाचा करोडगिरी नाका (जकात नाका) लागायचा आणि ट्रंका उघडून दाखवाव्या लागायच्या म्हणे. आता मराठवाडा आपल्या राज्यात आला, नाका गेला. खड्डे मात्र जुन्या सरकारचे होते तसेच नव्या सरकारनं सांभाळून ठेवले आहेत. नळदुर्गच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली, तेव्हा सगळे उतरून बाभळीखाली बसलो. शेजारच्या शेतातल्या बाईनं न विचारता हुरडा भाजून आणून दिला. तो इतका गोड होता की पंक्चर काढणाऱ्यानं घाई करू नये असं वाटलं.

अणदूरला त्या खेड्यातले दौलतमामा बैलगाडी घेऊन उभे होते. पांढऱ्या मिशा, डोक्याला लाल पटका. माझी पेटी गाडीत टाकता टाकता त्यांनी चौकशी सुरू केली.

"तुमीच अक्काला न्ह्याया आलाव व्हय?"

"हो."

"लई वंगाळ काम घेतलंय बघा अंगावर."

त्यांनी बैल हाकले. दोन्ही बाजूंना जोंधळा कणसाला आलेला, मधूनमधून करडईची पिवळी फुलं. खंडोबाच्या देवळाचा कळस मागे पडला तेव्हा त्यांनी वळून हात जोडले.

"आमचा देव बी दोन गावात ऱ्हातो. काय महिने अणदूरला, काय महिने नळदुर्गाला. पर त्यो माघारी येतो. अक्का कुठली येतीय?"

मी पेटीचं कडं घट्ट धरून बसले.

मार्थाबाईंना सगळं गाव अक्का म्हणे. अक्कांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवी हाच दवाखाना. अक्कांच्या अंगावर पांढरं सुती पातळ, पायांत टायरच्या चपला, चेहरा उन्हानं रापून विटेसारखा झालेला. मला पाहिल्याबरोबर म्हणाल्या, "लई उन्हाची आलीस गं. आधी हातपाय धू." असलं मराठी निळ्या डोळ्यांच्या माणसाकडून ऐकून मला हसू आलं, आणि लगेच हसल्याबद्दल वाईट वाटलं.

त्यांचा दिवस मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला. जायची तयारी बाजूला आणि दारात माणसं उभी. कुणाच्या डोळ्यांत औषध घालायचं, कुणाच्या पायातला नारू काडीवर गुंडाळून हळूहळू ओढायचा, कुणा सासूला दटावायचं की सुनेला उपाशी ठेवू नको. रविवारी याच पडवीत प्रार्थना होते, तिला चार घरं येतात. उंदरांनी कुरतडलेला हार्मोनियम अक्का स्वतःच वाजवतात. त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच, पण त्यांच्या हातांत जन्मलेलं म्हणाल तर निम्मं गाव. मिशनचे साहेब पहिल्या आकड्याबद्दल विचारत आणि अक्का दुसऱ्याबद्दल सांगत, असं त्यांनी मला हसत सांगितलं.

संध्याकाळी आम्ही जमिनीवर बसून जेवलो. भाकरी, शेंगाची चटणी आणि आंबट चुक्याची भाजी. मी सहज विचारलं, "अक्का, मनात काही राहिलंय का?" त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"राहिलंय. ओटी राहिली."

मी चमकले. मग त्यांनी सांगितलं ते असं. गावात आल्यावर पहिलं बाळंतपण त्यांनी केलं ते गौराबाईचं. या भागात पाचवीला सुइणीची ओटी भरतात. गौराबाईच्या सासूनं सुपात गहू, नारळ, खण घेतला आणि अक्कांना पाटावर बसायला सांगितलं. पण वरिष्ठ मिशनऱ्यांनी आधीच बजावलं होतं की ओटी ही देवीची पूजा आहे, ती घ्यायची नाही. अक्का हात जोडून उठल्या. "मला चालत नाही," म्हणाल्या. पुढं प्रत्येक घरी तेच. हळूहळू बायकांनी सूप आणायचंच सोडलं.

"मला वाटलं, मी देवाची आज्ञा पाळतेय," अक्का म्हणाल्या. "ती देवाची नव्हती गं, साहेबांची होती. हे कळायला माझे केस पिकले. लेक घरातून निघाली की तिची ओटी भरतात. उद्या मी प्रत्येक दारी जाणार आहे. एका तरी घरानं माझी भरावी."

"मग मी सांगते ना बायकांना!"

"अजिबात नाही. मागून ओटी घेतात का कुठं?"

आमच्या घरात ओटीचा विषय कधी निघत नसे. आई लग्नाहून परतलेल्या शेजारणींच्या भरलेल्या पदरांकडे बघत असे आणि मग उगाच भांडी आवरायला जात असे. ते मला त्या जेवणाच्या वेळी आठवलं आणि मिशनच्या त्या कधी न पाहिलेल्या साहेबांचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दारोदार निरोप घ्यायला निघालो. अक्का काठी टेकत पुढे, मी मागे. गावानं त्यांना निरोप दिला तो असा की बघणाऱ्याचे डोळे भरावेत. कुणी गुळाची ढेप दिली, कुणी धपाटे बांधून दिले, एकीनं तर जिवंत कोंबडी आणली. ती बोटीत चालणार नाही हे पटवताना माझा घाम निघाला. बाप्यांनी पाय धरले. पोरीबाळी गळ्यात पडून रडल्या. प्रत्येक घरून उठताना अक्का उंबऱ्याशी जरा थांबत, पातळाचा पदर पुढे घेत, दोन्ही हातांनी सावरत. बघणाऱ्याला वाटावं, बाई पदर नीट करतेय. खरं काय ते मला एकटीला माहीत होतं. कुणी सूप आणलं नाही.

शेवटचं घर गौराबाईचं. आता ती स्वतः आजी झालेली, दात पडलेले, पण आवाज खणखणीत. अक्कांना पाहून ती त्यांच्या गुडघ्यांवरून हात फिरवत बसली. मग उठून आत गेली आणि बाहेर आली ती सूप घेऊन. सुपात गहू, नारळ, हिरवा खण.

अक्कांचे हात पदराकडे गेले.

गौराबाई त्यांना ओलांडून माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"पदर पुढं कर, पोरी."

"माझी? अहो, अक्कांची भरा की!" माझ्या तोंडून निघून गेलंच.

गौराबाई हसली. त्या हसण्यात अभिमान होता.

"आगं, अक्काला चालत न्हाय. तिचा नेम हाय. आमच्या सासूनं पयल्यांदा सूप आनलं, तवा तिनं हात जोडलं. तवापासनं गावात एका बाईनं तिच्यापुढं सूप धरलं न्हाय. आमीच एकमेकीला बजावलं, बाईचा नेम मोडायचा न्हाय. इतकी वर्सं पाळला. आता जाता जाता म्या मोडू व्हय? तू तिला घरी न्हीतीस, म्हनून तिच्या वाट्याची तुझी भरती. तुला तरी चालतं न्हवं?"

मी अक्कांकडं पाहिलं. एक शब्द पुरला असता. त्यांनी पदर सोडला, खांद्यावर नीट घेतला आणि गौराबाईचा हात हातात धरला.

"खरं हाय, गौरा," त्या म्हणाल्या. "लई सांभाळला तुमी माझा नेम." आणि मला म्हणाल्या, "घे गं. चालतं तुला."

माझ्या पदरात गहू पडले. नारळ पडला. गौराबाईनं माझ्या बिनकुंकवाच्या ख्रिस्ती कपाळाकडे पाहिलं, हळदीकुंकवाच्या करंड्याकडे पाहिलं आणि तो तसाच बाजूला ठेवला. मी रडत होते. तिला वाटलं, अक्कांसाठी रडतेय. तेही खरंच होतं.

गाडीत बसल्यावर मी गाठोडं अक्कांच्या मांडीवर ठेवायला गेले. त्यांनी हळूच परत ढकललं. "ओटी दुसरीला देत नाहीत," म्हणाल्या. अणदूरपर्यंत दौलतमामांनी बैलांना एकदाही हाकललं नाही; बैल आपल्या मनानं रेंगाळत चालले आणि कुणालाच घाई नव्हती. एस.टी.त अक्कांनी एकदा विचारलं, "पदरात गहू पडतात तेव्हा जड लागतं का गं?" मी म्हटलं, "लागतं थोडं."

मुंबईला बोटीवर चढताना त्या धीट होत्या. कठड्याशी उभं राहून हात हलवला, तोही इथल्या बायका हलवतात तसा, ये म्हणून बोलावल्यासारखा. आता त्या कुठल्या तरी थंड गावात, जिथं त्यांना कुणी अक्का म्हणत नाही, तिथं मायदेशी असतील.

मी नगरला परतले. आमच्या पाळकसाहेबांनी ओटीबद्दल ऐकलं आणि चारचौघांत मला विचारलं, "बाई, तुम्ही नाही म्हणायला हवं होतं, नाही का?" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उलट उत्तर दिलं. म्हटलं, नाही म्हणून झालंय साहेब, एका बाईचं जन्मभर म्हणून झालंय.

रविवारी ते गहू भिजवले, कांडले, त्यांची खीर केली. ओटीतलं धान्य जिच्या पदरात पडलं तिनंच खायचं असतं, म्हणून शेजारी वाटी पाठवली नाही. एकटीच बसले. खीर चांगली झाली होती. पण ती माझ्या वाट्याची नव्हती.