अनवाणी मिस्त्री आणि माझा डावा पाय

मिस्त्री कुठल्याही गाडीत बसताना चपला बाहेर काढून ठेवायचे, देवळात शिरावं तसे. बॉनेट उघडणं नंतर. आधी मालकाला चालवायला लावायचं, आपण शेजारी बसायचं आणि अनवाणी पाय खाली टेकवून डोळे मिटायचे. "आजार तळव्याला कळतो, साहेब. कान फसत्यात," म्हणायचे. ताथवड्यात त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं. मी पडलो चाकणच्या कंपनीतला क्वालिटी इंजिनिअर, हसणारच!

झालं होतं असं, की बाबांची जुनी गाडी चढ चढेना. बाबांनी पिंपरीच्या कंपनीत जन्मभर शिफ्टा करून घेतलेली ही एकुलती एक गाडी. निवृत्त झाल्यावर मोठ्या मनाने मला दिली. मी वाकडहून चाकणला रोज तीच न्यायचो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं बोंबलायचं, वेग काही वाढायचा नाही. मग काय, माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. व्हिडिओ बघून प्लग बदलले, दोन्ही फिल्टर बदलले. कंपनीत काढतो तसा कारणांचा तक्तासुद्धा काढला: यंत्र, माल, पद्धत, माणूस. पहिले तीन रकाने गच्च भरले. चौथा रिकामा सोडला, कारण चालवणारा मीच होतो. शेवटी जेवताना जाहीर केलं, "इंजिन गेलं. भंगारात काढू." बाबा पानावरून उठले आणि आठ दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा कुठे मी मिस्त्रींकडे गेलो.

पुलाच्या चढावर मिस्त्रींनी डोळे उघडले आणि खाली, माझ्या पायांकडे बघितलं.

"त्यो डावा पाय कुठं हाय तुमचा?"

"क्लचवर."

"का?"

"तयारीत असावा म्हणून. ट्रॅफिक असतं ना."

"चाकणपत्तुर तिथंच?"

"हो."

"आन् येताना?"

मी डावा पाय हळूच खाली घेतला.

गॅरेजवर आल्यावर त्यांनी मला हँडब्रेक ओढायला लावला, चौथा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडायला सांगितला. गाडी गचका देऊन बंद पडायला हवी होती. ती आपली खुशाल घुरघुरत राहिली. "बगा! इंजिन ठणठणीत हाय. त्याचा जोर चाकापत्तुर पोचतच न्हाई. पाय ठिऊन ठिऊन तुमी क्लचची प्लेट खाल्ली, राव." इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतला, त्याची त्या दिवशी मला भयंकर लाज वाटली.

प्लेट बदलली. गाडी आणायला नेमके बाबाही बरोबर आले. "काय झालं होतं?" त्यांनी मिस्त्रींना विचारलं. मी टायर बघायला वाकलो. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "काय न्हाई, दादा. क्लचचं वय झालं हुतं."

"मी म्हणत होतो, इंजिन चांगलंय," बाबा माझ्याकडे बघून म्हणाले. त्या जेवणानंतर ते माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मीही बेरकीपणाने मान डोलावली.

त्यानंतर सर्व्हिसिंगला गेलो की मिस्त्री शेजारी बसायचे आणि एवढंच विचारायचे, "पाय?" मी म्हणायचो, "खाली." "शाब्बास!" हाताखाली बारा माणसं असलेला मी त्या शाब्बासकीने दिवसभर खूश असायचो, खोटं कशाला बोलू?

गेल्या उन्हाळ्यात मिस्त्री गेले. राजगुरुनगरजवळच्या त्यांच्या गावी दहाव्याला मी बाबांना घेऊन निघालो, त्याच गाडीतून. वाटेत मला राहवेना.

"बाबा, क्लच वयामुळे गेला नव्हता. मी घालवला होता."

"ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी मिस्त्री घरी येऊन सांगून गेले. वर म्हणाले, 'दादा, पोराला बोलू नगा. लई लाजलंय, आता शिकंल.'"

मला पुढचा रस्ता दिसेना. मी गाडी बाजूला घेतली. बाबांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि माझं रडून होईपर्यंत शेजारी बसून राहिले.