सदुसष्टाव्या वर्षी बॅचलर: विल्लिवाक्कममधली घरशोधणी

जाताना मी एक तिकीट काढलं होतं आणि येतानाची दोन. माझ्या चेन्नईच्या प्रवासाचा सगळा हेतू एवढ्यात आला.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, तरुणपणी रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला म्हणून चेन्नईला गेला आणि तिकडचाच झाला. वहिनी चार वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. विल्लिवाक्कम भागात त्याचा स्वतःचा फ्लॅट आहे, पण इमारत जुनी झाली म्हणून ती पाडून नवी बांधायचं ठरलं. बाराही बिऱ्हाडांना मार्गळी लागायच्या आत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापर्यंत, बाहेर पडायचं होतं. मार्गळीच्या महिन्यात तिकडे कुणी घर बदलत नाही. नवं घर तयार व्हायला दोन वर्षं. मी फोनवर फर्मान सोडलं, ही दोन वर्षं साताऱ्याला माझ्याकडे ये. मागच्या खोलीतलं शिवणयंत्र हलवून त्याच्यासाठी पलंगही टाकला. तो म्हणाला, "भाड्याचं घर बघतोय." असं महिनाभर बघतच होता. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते बघायला शेवटी मीच निघाले. आमचं ठरलं असं, की रविवारपर्यंत घर मिळालं तर तो राहील, नाही तर गुपचूप माझ्याबरोबर गाडीत बसेल.

साताऱ्याहून एसटीनं पुणे आणि पुण्याहून रेल्वे. नुसत्या रेल्वेलाच साधारण वीस तास लागतात. दशम्या-चटणी घरची घ्या, पण रेणिगुंट्याला डब्यात इडली-वडा येतो तो सोडू नका. चेन्नई सेंट्रलला उतरलात की शेजारच्याच इमारतीतून विल्लिवाक्कमची लोकल मिळते. पाच रुपयांत वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास. रिक्षावाले तेवढ्याचेच अडीचशे सांगतात. दादा स्टेशनवर न्यायला आला होता. शर्ट कडक इस्त्रीचा, कानात ऐकायचं यंत्र, आणि माझी पिशवी घेण्यावरून तिथंच भांडण.

या भागाला फिरायला म्हणून कुणी जात नाही. तरी सांगते, एखादं शहर खरंच बघायचं असेल तर देवळं आणि समुद्र एक दिवस बाजूला ठेवून अशा राहत्या वस्तीत हिंडावं. इथं तीन तऱ्हेची घरं दिसली. जुनी बैठी घरं, ज्यांचे मालक खाली राहतात आणि वरचा भाग भाड्यानं देतात. त्याला ते 'पोर्शन' म्हणतात. मग एका ओळीतल्या खोल्या, चार-पाच बिऱ्हाडांत एक संडास. आणि दादाच्यासारख्या तीन मजली इमारती, ज्या आता एकेक करून पाडताहेत. दादाच्या इमारतीत पाच घरांत मूळ मालक, सगळे साठीच्या पुढचे, मुलं परदेशात. उरलेल्या सात घरांत भाडेकरू, सगळे चाळिशीच्या आतले. मधल्या वयाचं माणूस जिन्यात भेटलं तर ते हमखास पाहुणं असतं.

ही सगळी माहिती मला दादानं दिली नाही, सेल्वीअक्कानं दिली. ती कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली हातगाडीवर कोळशाच्या इस्त्रीनं कपडे करते. इस्त्रीला तमिळमध्येही इस्त्रीच म्हणतात, त्यामुळे आमची ओळख व्हायला वेळ लागला नाही. बाकीचं दादा मराठीत करून सांगत होता. प्रत्येक घराचं वेगळं गाठोडं आणि गाठोड्यावरून घर ओळखायचं. करड्या युनिफॉर्मचा ढीग म्हणजे श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात पाळीला जाणारी चार मुलं, त्यांना न्यायला कंपनीची बस येते. पांढरे कोट म्हणजे केरळच्या नर्सबाया. शाळेचे लहान लहान शर्ट म्हणजे नवी बिऱ्हाडं, आणि नुसत्या पांढऱ्या वेष्ट्या, म्हणजे तिकडची लुंगीसारखी धोतरं, ती निवृत्त बँकवाल्यांची. एखादं गाठोडं यायचं थांबलं की घर रिकामं झालं हे सेल्वीअक्काला मालकाच्याही आधी कळतं. शिरगणतीवाल्यांनी हिच्याकडेच यावं, असं मी म्हटलं. त्यावर ती एवढंच म्हणाली, की ते आले होते, त्यांचे शर्टही तिनंच केले.

गुरुवारी मी दादाबरोबर घरं बघायला निघाले. पहिल्या दारावर पाटी होती, वरचा पोर्शन भाड्यानं देणे आहे. मालकानं दादाला हसून आत घेतलं, पाणी दिलं, मग विचारलं, फॅमिलीत किती जण? दादा म्हणाला, मी एकटाच. मालकाचं हसू तिथंच थांबलं. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "सॉरी सार. बॅचलर्सना देत नाही."

मी आधी हसले. सदुसष्ट वर्षांचा, गुडघ्याला पट्टा बांधलेला, रक्तदाबाची गोळी खिशात ठेवणारा माझा भाऊ बॅचलर! दुसऱ्या घरी तेच झालं, तिसऱ्या घरी फाटकातूनच तेच. तेव्हा मात्र हसू गेलं. दादाला विचारलं, आधी किती घरं झाली? तो म्हणाला, नऊ. महिनाभर फोनवर मला "बघतोय" म्हणणारा हा माणूस नऊ दारांवरून परत आला होता आणि त्यानं चकार शब्द काढला नव्हता. मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं, कारण घर नाही मिळालं तर तो माझ्याबरोबर येणार होता.

शुक्रवारी त्यानं सुट्टी जाहीर केली आणि मला मैलापूरला नेलं. चेन्नईत साध्या सिटी बसमध्ये बायकांना तिकीट पडत नाही, शून्य रुपयांचं मिळतं. बायकांनो, मनसोक्त हिंडा. मी फुकट आणि दादा पैसे देऊन, अशा दोन बसगाड्या बदलल्या. मैलापूरला देवळाचं तळं बघितलं, पितळेच्या भांड्यांची दुकानं बघितली, फिल्टर कॉफी दोनदा प्याले. येताना त्यानं मुद्दाम तिरुवल्लिकेणीत उतरवलं. तिथल्या बोळांत बॅचलर लोकांसाठी 'मॅन्शन' नावाच्या इमारती आहेत, ओळीनं खोल्या, दोरीवर लुंग्या. लग्नाआधी दादा अशाच एकीत राहायचा. बराच वेळ तो वरच्या खिडकीकडे बघत राहिला.

"शालू, इथं फक्त बॅचलरच चालतात," तो म्हणाला. "काहीच नाही जमलं तर इथं एक खोली घेतो."

मी म्हटलं, थट्टा पुरे. तो थट्टा करत नव्हता. साताऱ्याच्या मागच्या खोलीपेक्षा त्याला लुंग्यांच्या दोरीखालची खोली चालणार होती, आणि हे मला दुखावणार म्हणून तो इतके दिवस गप्प होता. परतताना बसमध्ये मी मुद्दाम लांबच्या बाकावर बसले. पण विल्लिवाक्कमला उतरल्यावर भाजीवालीनं त्याला हाक मारून ठेवलेला कढीलिंब दिला, औषधवाल्यानं गोळ्यांची आठवण केली, आणि इमारतीच्या दारात नर्सबायांपैकी एकीनं त्याच्याकडे पाण्याच्या मोटरची किल्ली मागितली. साताऱ्यात तो 'शालूताईंचा भाऊ' झाला असता. हे मला तेव्हाच कळलं, आणि कळून वाईटही वाटलं.

शनिवारी सकाळी मीच सेल्वीअक्काकडे गेले. चार गल्ल्या पलीकडच्या घरातून वरच्या मजल्याचं गाठोडं तीन महिने येत नव्हतं. पाटी नव्हती, पण जागा होती. तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, घरमालकीण मराठी बोलते.

पद्माबाई तंजावरकडच्या मराठी. विमा कचेरीतून निवृत्त झालेल्या, साठीच्या पुढच्या, ताठ बसणाऱ्या. त्यांची मराठी जुन्या पत्रांतल्यासारखी आणि चाल मात्र तमिळ. "आमचें मराठी ऐकून तुम्हांस हसूं येईल," त्या म्हणाल्या. मला हसू नाही आलं, गोड वाटलं. खोल्या वर दोन, हवेशीर, पाण्याची टाकी वेगळी. सगळं जमत आलं आणि तो प्रश्न आलाच, माणसं किती? दादा म्हणाला, एक. पद्माबाईंनी मान हलवली. एकटे पुरुष त्या ठेवत नव्हत्या.

माझी जीभ कधीच माझ्या ताब्यात नव्हती. मी विचारलं, "तुमच्या घरात किती माणसं, पद्माबाई?"

"मी एकटीच."

"मग तुम्हाला कोण ठेवून घेतं?"

दादानं कपाळाला हात लावला. पद्माबाई उठून आत गेल्या. आता काढता पाय घ्यावा असं वाटत होतं, तेवढ्यात त्या तीन पेले कॉफी घेऊन आल्या. मग त्यांनी सांगितलं. आधी वर एक एकटे गृहस्थ राहायचे. न्हाणीघरात पडले, दीड दिवस कुणाला कळलं नाही. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, आत्ता येणं जमणार नाही. ते गृहस्थ दवाखान्यातून परत आलेच नाहीत.

"तेव्हांपासून मी फॅमिली मागतें," त्या म्हणाल्या. "घर भरायला नव्हे. फोन केला तर येईल असें माणूस पाहिजे."

"मी येईन," मी म्हटलं. "साताऱ्याहून सव्वा दिवस लागेल. पण येईन."

त्यांनी भाडेकरूचा फॉर्म पुढे केला. राहणारी माणसं, या रकान्यापाशी दादाचं पेन थांबलं. मी ते काढून घेतलं आणि 'दोन' लिहिलं. पद्माबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, वर्षात किती महिने? मी तीन म्हटलं. त्यांनी तेही शेजारी बारीक अक्षरात लिहून घेतलं.

रविवारी मी एकटीच गाडीत बसले. दादाचं तिकीट रद्द केलं होतं, त्याच्या जागेवर सोलापूरची एक बाई आली आणि वाटेत तिनं माझ्या उरलेल्या दशम्या संपवल्या. घरी आले तर मागच्या खोलीतला पलंग तसाच होता. दोन दिवस मी त्या खोलीत गेले नाही. आपलं माणूस आपल्यापाशी असावं असं मला अजूनही वाटतं, त्यात काही बदल नाही. फक्त 'आपल्यापाशी' म्हणजे आपल्याच घरात, हा हट्ट सोडला. तिसऱ्या दिवशी शिवणयंत्र परत जागेवर आणलं.

गेल्या आठवड्यात दादाचं सामान हललं. त्यानंतर चारच दिवसांनी, सकाळी भाजी फोडणीला टाकत असताना पद्माबाईंचा फोन आला. गॅस बंद केला, फोन उचलला आणि विचारलं, दादाला काय झालं?

"कांहीं नाहीं," पद्माबाई म्हणाल्या. "ते खालीं कॉफी पीत बसलेत. तुम्ही उचलतां कीं नाहीं तें बघितलें."

फोन ठेवला आणि त्याच दुपारी मार्गळीतलं चेन्नईचं तिकीट काढलं. फक्त जातानाचं.