कवडीपाटला बाबांना बसवलं ती सकाळ

माणूस दिसू नये असे कपडे मीच बाबांना घातले आणि नंतर पाऊण तास मीच त्यांना शोधत फिरले. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कोणाकडून झाली नसती.

मी नागपूरला सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासते. त्या डिसेंबरात आठवड्याची रजा काढून पुण्याला धाकट्या भावाकडे, विश्रांतवाडीला, गेले होते. आई जाऊन चार वर्षं झाली होती. बाबा भावाजवळ राहत. भाऊ आणि भावजय दोघंही हिंजवडीला सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत होते, आणि भावाची कंपनी त्याला दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवत होती, बायको-मुलीसकट. बाबा त्यांच्याबरोबर जायला तयार नव्हते. "तिकडे मी काय करू, बर्फ मोजू?" एवढंच त्यांचं उत्तर. त्यामुळे प्रश्न एकच उरला होता: बाबा या घरात एकटे राहू शकतील का?

पहिल्याच दिवशी भाऊ म्हणाला, "ताई, तू आठवडाभर आहेस. तूच बघ आणि सांग. मी त्यांना रोज बघतो, मला फरक कळत नाही."

फरक असावा अशी शंका एका फोनमुळे आली होती. महिन्यापूर्वी भावजयीने कळवलं होतं, की बाबा दुधाची पिशवी घेऊन आमच्याच गल्लीच्या तोंडाशी अर्धा तास उभे होते, शेजाऱ्यांनी हाताला धरून आणलं. बाबांचं म्हणणं, ऊन खात होतो. डिसेंबरात माणूस ऊन खाऊ शकतो. मी स्वतःला ते दहा वेळा सांगितलं.

मी कॅमेरा बरोबर आणला होता. डिजिटल कॅमेरा घेऊन वर्षच झालं होतं आणि लांब पल्ल्याची लेन्स तर अगदी नवी होती. नागपूरहून निघतानाच ठरवलं होतं की पुण्यातल्या तीन-चार सकाळी पाणपक्ष्यांना द्यायच्या. जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन जागांची यादी करायला बसले तेव्हा भावजय पोळ्यांचा डबा ठेवत म्हणाली, "ताई, माहेरी आलात की बदकांकडे?"

"बदकं निदान विचारत नाहीत कधी जाणार म्हणून."

"विचारलं नाही मी. जाल तेव्हा डबा देईन, एवढंच."

बाबांनी समोरून कागदाकडे बघून विचारलं, "मी येऊ का?"

मी लगेच हो म्हटलं. हे मी प्रेमापोटी केलं असं सांगणार नाही. त्यांना तीन-चार तास एकटीने बघायला मिळेल, हा हिशेब त्यात होता.

जागा निवडायचे माझे नियम ठरलेले होते. सूर्य पाठीशी हवा, पाणी समोर हवं आणि माणसं नकोत. बाबांमुळे चौथा नियम आला: गाडी पाण्यापर्यंत जायला हवी आणि बसायला सावली हवी. सिंहगडाच्या पायथ्याची दरी पहिली खोडली, कारण दगडांवरून उतरावं लागतं. सासवडकडच्या माळावर झाड नाही. येरवड्याजवळच्या नदीकाठी राडारोड्याचे ट्रक रिकामे होत होते. पाषाणच्या तलावावर बाकं होती, फिरायला येणारी माणसं होती, दाराशी चहावाला होता, आणि नेमक्या त्यासाठीच मी तो खोडला. माणसं मोठ्याने बोलतात, बदकं आत सरकतात. राहिलं कवडीपाट, सोलापूर रस्त्यावर हडपसरच्या पुढे. नदीवर जुना बंधारा, काठाला बाभळी, हिवाळ्यात चक्रवाक. सगळे नियम बसले. त्या कागदावरची सगळ्यात सुरक्षित जागा मी माणसं आहेत म्हणून खोडली होती, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

सकाळी सहाला बाबा बुद्धवंदना आटोपून बाहेर आले ते पांढरा स्वेटर आणि पांढरी कानटोपी घालून. पांढरा रंग लांबूनच पाखरांना उठवतो. मी दोन्ही उतरवून घेतलं, माझं जादाचं मातकट हिरवं जाकीट त्यांना चढवलं आणि डोक्याला तपकिरी मफलर गुंडाळला.

"आता मी झुडूप झालो," बाबा आरशात बघून म्हणाले.

भावाची गाडी मी घेतली, तो कंपनीच्या बसने जायचा. मुंढव्यापर्यंत धुकं होतं. बाबा वाटेतली प्रत्येक पाटी वाचत होते. काचेच्या नव्या इमारती आल्या तशी त्यांची बोटं खिडकीवर आली. "इथे ज्वारी होती. इथे ऊस. त्या विहिरीत तुझा भाऊ पडता पडता राहिला." सगळं बरोबर होतं. मी गाडी चालवत त्यांची परीक्षा घेत होते आणि मनातल्या मनात गुण देत होते. हडपसर सुटेपर्यंत ते उत्तम पास झाले होते, आणि मला बरं वाटायला लागलं होतं.

कवडीपाटला नदीवर फेस होता, हातभर उंचीचा. त्या पाण्यात काय असतं हे मला पोटापाण्याच्या धंद्यामुळे माहीत आहे, पण पाखरांचं त्याने अडत नाही. शेकाटे लाल पायांवर उभे होते, धोबी शेपट्या हलवत होते. पलीकडे केशरी रंगाचे सहा ठिपके दिसले. चक्रवाक. मी बाभळीखाली, पाणकणसांच्या मधल्या मोकळ्या जागेत घडीचं स्टूल मांडलं. तेही हिरवंच. बाबांना बसवलं, त्यांचा मोबाईल वाजू नये म्हणून काढून गाडीत ठेवला.

"हलायचं नाही, बोलायचं नाही, कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मी येईपर्यंत इथेच."

"किती वेळ?"

"पंधरा मिनिटं."

चक्रवाक माझ्यासाठी थांबले नाहीत. ते वर सरकले, मी बंधारा ओलांडून त्यांच्या मागे गेले. गुडघ्यांवर, मग कोपरांवर. फोटो चांगले मिळाले. घड्याळ बघितलं तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती.

परत आले तर बाभळी होत्या, पाणकणसं होती, बाबा नव्हते.

आधी वाटलं, जागा चुकले. पुढच्या बाभळीकडे गेले, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक झाडाखाली तीच वाळलेली पाती, तोच मातकट हिरवा रंग. जाताना मी कोणतीही खूण लक्षात ठेवली नव्हती, कारण सगळा वेळ मी पाण्याकडे बघत गेले होते. "बाबा!" मी हाक मारली. सगळे शेकाटे एकदम उठले. उत्तर नाही. पुन्हा मारली. माझा आवाज मलाच अनोळखी, चिरका वाटला.

मग मी पाण्याकडे बघितलं. काठाशी जलपर्णीचा जाड थर होता, वरून जमिनीसारखा दिसणारा. चुकून पाय पडला तर माणूस खाली जाईल आणि वर पुन्हा पानं मिटतील. पानं कुठे फाटली आहेत का हे मी बघत चालले. एका ठिकाणी फाटली होती. मी तिथे गुडघ्यांवर बसून काठी खुपसली. नळीसारखं काहीतरी लागलं, ओढलं तर सायकलचं टायर. आपण काठीने बापाला शोधतोय हा विचार डोक्यात एकदा आला तो जाईना.

मोबाईल काढला. भावाचा नंबर पडद्यावर आणला. बटण दाबलं नाही. दाबलं असतं तर त्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच दिल्यासारखं झालं असतं.

काठावरच्या शेतात एक म्हातारे शेतकरी गवत कापत होते. मी धावत गेले. "माझे वडील इकडे दिसले का? अंगात हिरवं जाकीट आहे."

त्यांनी विळा थांबवून मला वरून खाली बघितलं. माझ्याही अंगात तसलंच जाकीट होतं. "बाई, तुमी धा पावलावर आलाव तवा दिसलाव मला. असल्या कापडात मानूस घावतंय व्हय?"

"डोळ्यांना चष्मा आहे त्यांच्या."

"मग थांबा." ते बांधावर चढले, कपाळावर हात आडवा धरून उगवतीच्या उन्हात काठ न्याहाळू लागले. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते. "त्यो बगा. दुसऱ्या बाभळीच्या बुडाला. काय चमाकतंय त्ये? चष्माच हाय की."

मी त्या बाभळीपासून वीस फुटांवरून दोनदा गेले होते.

बाबा स्टुलावर ताठ बसले होते, हात मांडीवर. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी क्षणभर माझ्याकडे नुसतं बघितलं. मग म्हणाले, "आलीस? उठू का?"

"बाबा, किती हाका मारल्या मी! ओ का नाही दिलीत?"

"ओ द्यायची नाही असं तूच सांगितलंस."

मला रडू आलं नाही, राग आला. त्यांचा दंड धरून मी त्यांना गाडीपर्यंत नेलं. शेतकरी बांधावरून ओरडले, "म्हाताऱ्याला लाल टोपी घाला, बाई!" मी हात केला.

परतीच्या वाटेवर बाबांनी त्यांच्या नोकरीतला नियम सांगितला. आयुष्यभर ते दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. तिथे कामगाराला ज्याने जागेवर बसवलं त्यानेच उठवायचं. दुसऱ्या कोणी कितीही हाका मारल्या तरी जागा सोडायची नाही. एकाने जागा सोडली तर दहा माणसं उडतात. "अठ्ठावीस वर्षं एकदाही जागा सोडली नाही," ते म्हणाले. ते सांगताना त्यांचा आवाज स्वच्छ होता. मी मनात पुन्हा गुण दिले.

घरी भावजय त्या दिवशी रजेवर होती; तिने ऐकलं आणि हसून खुर्चीतच बसली. "ताई, तुम्हीच सांगायचं ओ देऊ नका, आणि तुम्हीच ओरडत फिरायचं!" तिने भावाला ऑफिसात फोन लावला. स्पीकरवरून त्याचा आवाज आला, "म्हणजे बाबा एकदम फिट! घाबरट तूच निघालीस. काय, ताई? मग सांगू ना मी इकडे हो म्हणून?"

"सांग," मी म्हणाले.

दुपारी भावजय मुलीला आणायला शाळेत गेली. मी आणि बाबा गच्चीत बसलो होतो. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर मी त्यांना चक्रवाक दाखवले. त्यांनी एकेक फोटो नीट बघितला. मग मी विचारलं. का विचारलं, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. मी समोर उभी राहिले तेव्हाचं त्यांचं ते बघणं डोळ्यांपुढून जात नव्हतं, एवढं खरं.

"बाबा, मी हाका मारत होते तेव्हा मी आहे हे कळलं होतं ना?"

त्यांनी कॅमेरा बाजूला सरकवला.

"आवाज ओळखीचा होता," ते म्हणाले. "कोणाचा ते ध्यानात येत नव्हतं. कोणी बाई घाबरलेली आहे, एवढं कळत होतं. आपण इथे का बसलोय तेही आठवेना. फक्त बोलायचं नाही हे पक्कं आठवत होतं. म्हटलं, तेवढं तरी धरून ठेवू."

"आणि मी समोर आले तेव्हा?"

"तेव्हा आलं ध्यानात. जरा वेळाने." त्यांनी मफलर काढून त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "तो नियम खरा आहे हं. खोटं नाही सांगितलं मी."

"गल्लीच्या तोंडाशी उभे होतात तेव्हाही असंच?"

त्यांनी हो म्हणून मान हलवली. मग माझ्या मनगटावर हात ठेवला. हात गार होता. "त्याला सांगू नकोस. पोरीची शाळा ठरली आहे तिकडे. दोन वर्षं काय, जातील. मी गल्लीत उभा राहीन, कोणीतरी आणेल."

मी काही बोलले नाही. त्यांनी ते होकार समजून घेतलं असावं, कारण ते आत जाऊन झोपले आणि लगेच घोरू लागले.

मी तिथेच बसले. मला वाटत होतं की सकाळची भीती संपली, पण ती संपली नव्हती, तिला आता शेवट नव्हता. नदीकाठी निदान एक बाभूळ होती जिच्याखाली ते सापडणार होते. काय करायचं याची उत्तरं मी मोजली: माझी बदली, त्यांना नागपूरला नेणं, दिवसभराची बाई, भावाने न जाणं. एकाही उत्तराला बाबा हो म्हणणार नव्हते आणि एकही मला पेलेल असं वाटत नव्हतं.

संध्याकाळी भाऊ कंपनीच्या बसमधून उतरून कोपऱ्यावरून चालत आला. हातात मिठाईचा खोका होता. मी आधीच फाटकाशी जाऊन उभी होते. आतून बाबांचा आवाज येत होता, नातीला पाढे म्हणायला लावत होते, आणि एकही पाढा चुकत नव्हता.

"काय गं, इथे का उभी?"

"दुपारी मी हो म्हणाले ते चूक होतं. बाबांना एकटं ठेवता येणार नाही."

त्याचा चेहरा उतरला. "पुन्हा काय झालं? ताई, मी तिकडे कळवलंय. आत तर येऊ दे, बसून बोलू."

मी कडीवरचा हात काढला नाही. "नाही. आत गेलास की बाबा समोर असतील, आणि मग माझ्याच्याने बोलवणार नाही. इथेच ऐक."

तो रस्त्यावर उभा राहिला, खोका दोन्ही हातांत धरून. मी फाटकाच्या आतून त्याला सगळं सांगितलं.