डल्सी हॅरॉपचं ‘नेहमी’

डल्सी हॅरॉपने आयुष्याची एकेचाळीस वर्षं लोकर निवडण्यात घालवली. मेंढी कातरून झाली की तिची अख्खी लोकर टेबलावर येऊन पडायची. डल्सी दोन बोटांत एक बट धरून कानाशी न्यायची, झटका देऊन ताणायची आणि आवाजावरून ती कुठल्या कप्प्यात जाणार ते सांगायची. पहिल्या हंगामात कातरणारे गडी तिला हसले. दुसऱ्या हंगामात त्यांचं हसू बंद झालं. वूमेरिन गावाच्या आसपासच्या कातरणीच्या सगळ्या गोठ्यांत एक गोष्ट ठरून गेली होती, डल्सीने एकदा सांगितलं की सांगितलं.

ती निवृत्त झाली त्याच सुमारास गावाबाहेरच्या बदकांच्या कारखान्यात कामाला माणसं मिळेनाशी झाली. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरच्या छावण्यांत वर्षानुवर्षं काढलेली कॅरेन लोकांची तीसेक कुटुंबं गावात राहायला आली. बायकाही कारखान्यात लागल्या. मुकादम काय ओरडतोय ते त्यांना कळेना. त्यांना इंग्रजी कोण शिकवणार, असं चर्चमध्ये विचारलं गेलं तेव्हा शाळेतल्या दोन्ही मास्तरीणबाई खाली बघत राहिल्या. हात वर केला डल्सीने.

तिची वहिनी कुजबुजली, “अगं, तू चौदाव्या वर्षी शाळा सोडलीस.”

“मला इंग्रजी येतं, त्यांना हवंय,” डल्सी म्हणाली. “आणखी काय लागतं?”

बुधवारी दुपारी महिला मंडळाच्या हॉलमध्ये वर्ग भरू लागला. डल्सीकडे पुस्तक नव्हतं. ती घरातनं कप, चादर, घासणी, जुना कोट असलं काहीबाही आणायची आणि तेच शिकवायची. बायका तिला थारामू म्हणू लागल्या. त्यांच्या भाषेत थारामू म्हणजे बाई, शिकवणारी बाई. डल्सीला ते फार आवडलं, पण तिने तसं कधी दाखवलं नाही.

वर्गात सगळ्यात तल्लख होती मू पॉ. तिशीतली, दोन मुलांची आई. नुकतीच गाडी चालवायला शिकली होती आणि हिरव्या पेनाने सगळं उतरवून घ्यायची. एका बुधवारी तिने वही पुढे केली. “थारामू, मी ‘पिक अप इट’ म्हटलं, तर मुकादम हसला. का?”

डल्सीने कप टेबलावर ठेवला. “हे बघ. ‘पिक अप द कप’ चालतं. ‘पिक द कप अप’ही चालतं. पण कपाचं नाव न घेता ‘इट’ म्हणायचं असेल, तर ते मध्येच घालायचं. पिक इट अप. टर्न इट ऑफ. पुट इट डाउन. इट असो, हिम असो, देम असो, मध्ये.”

“नेहमी?”

“नेहमी,” डल्सी म्हणाली. “डोळे मिटून.”

मू पॉने ‘नेहमी’च्या खाली दोन रेघा ओढल्या.

पुढच्याच दिवशी, फेब्रुवारीच्या, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यातल्या, रणरणत्या उन्हात, वॉल्टर कीग नावाचा ऐंशी वर्षांचा म्हातारा पेंडीच्या दुकानासमोर झोकांड्या खात रस्त्यावर आला आणि पडला. डोकं दगडी कडेवर आपटलं. मू पॉ कामावरून परतत होती. तिने रस्त्यातच करकचून ब्रेक मारला, दार उघडं टाकलं आणि धावली. म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, स्वतःचा रुमाल जखमेवर दाबून धरला आणि ओरडून दुकानदाराला बाहेर काढलं.

रुग्णवाहिकेने म्हाताऱ्याला नेलं तेव्हा तो बेशुद्धच होता. मागोमाग सार्जंट लॉरी मुल्डून आला. रस्त्याच्या मधोमध तिरकी गाडी, डांबरावर चाकांच्या काळ्या खुणा, बाईच्या कपड्यांवर रक्त.

“काय झालं?” त्याने विचारलं.

मू पॉला सांगायचं होतं की मी धावत त्याच्यापाशी गेले. ‘रन ओव्हर’ तिला ठाऊक होतं. “रन ओव्हर अँड गेट द होज,” पळत जा आणि पाण्याची नळी आण, असं मुकादम दिवसातनं दहादा ओरडायचा. आणि ‘हिम’ कुठे घालायचं, ते तर कालच पक्कं झालं होतं.

“आय रॅन हिम ओव्हर,” ती स्पष्ट आवाजात म्हणाली. म्हणजे, मी त्याच्या अंगावर गाडी घातली.

लॉरीने डोळे वर केले. “तू? गाडी घातलीस?”

त्यातला ‘गाडी’ एवढाच शब्द तिला कळला. तिने आपल्या गाडीकडे बोट दाखवून मान हलवली. “हो. खूप जोरात.”

“आणि मग?”

“आय पिक्ट हिम अप,” मू पॉ म्हणाली. ‘हिम’ पुन्हा मध्ये बसलं, म्हणून तिला त्याही गडबडीत बरं वाटलं.

अर्ध्या तासाने डल्सी पोलिस ठाण्यात शिरली. पेंडीच्या दुकानदाराने तिला फोन केला होता. मू पॉ बाकावर ताठ बसली होती. तिच्या गाडीच्या किल्ल्या टेबलावर होत्या आणि फोनवरचा दुभाषा अजून मिळत नव्हता.

“डल्सीबाई, बसा,” लॉरी म्हणाला. “बाई चांगली आहे, मान्य. पण तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय.”

“वाच बघू मला.”

त्याने वाचलं. डल्सीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. एवढ्या वर्षांत तिने एकदाही लोकर चुकीच्या कप्प्यात टाकली नव्हती.

“लॉरी, ते वाक्य तिचं नाही,” ती म्हणाली. “माझं आहे. मी शिकवलं तिला तसं.”

“माणसाला गाडीखाली घ्यायला?”

“गाढवा, ‘हिम’ मध्ये घालायला! तिला म्हणायचं होतं, ‘आय रॅन ओव्हर टू हिम’. ‘टू’ मी शिकवलाच नाही. आणि ‘टू’ आला की ‘हिम’ त्याच्या मागेच जातो, मध्ये येत नाही. चल, ऊठ. तोंडाने नको, पायांनी विचारू तिला.”

तिघं पेंडीच्या दुकानासमोर गेली. गाडी अजून तिथेच होती. डल्सीने मू पॉच्या खांद्यावर हात ठेवला. “पोरी, बोलू नकोस. करून दाखव.”

मू पॉ गाडीत बसली, उतरली आणि रस्ता ओलांडून पळत गेली. जिथे रक्ताचा डाग होता तिथे गुडघे टेकून बसली आणि रिकाम्या हवेत रुमाल दाबून धरला. लॉरीने पावलं मोजली. अठ्ठावीस. चाकांच्या खुणा त्या डागाच्या बऱ्याच अलीकडे संपत होत्या. तो बराच वेळ वाकून रस्ता बघत होता. मग त्याने जबाबावर आडवी रेघ मारली आणि नवीन पान उघडलं.

“जन्मभर इंग्रजी बोलतोय,” तो किल्ल्या परत देताना पुटपुटला, “पण एवढाशा ‘टू’मुळे माणूस मरतो की वाचतो, हे आज कळलं.”

संध्याकाळी वॉल्टर कीग शुद्धीवर आला. आपल्याला भोवळ आली होती आणि एक लहानखुरी बाई धावत आली होती, एवढं त्याने सांगितलं. मग दोन घोट चहा मागितला.

घरी मात्र डल्सीला चैन पडेना. चार दिवस ती स्वयंपाकघरात बसून क्रियापदं मोठ्याने म्हणत राहिली, कान देऊन ऐकत राहिली. ‘पिक द कप अप’ ठीक वाटत होतं. ‘लुक द बेबी आफ्टर’ कानाला टोचत होतं. हळूहळू तिच्या लक्षात आलं, की शेवटचा छोटा शब्द नावाला ओलांडून पलीकडे जाऊ शकत असेल, तरच ‘इट’ मध्ये बसतं. तो हटून बसला असेल, तर ‘इट’ त्याच्या मागे. आणि ‘पुट अप विथ हिम’सारखे दोन-दोन छोटे शब्द आले, तर ‘हिम’ बिचारा रांगेत शेवटी. ‘पिक इट अप’ म्हणताना ‘अप’वर जोर येतो आणि ‘लुक अॅट इट’ म्हणताना ‘अॅट’ गिळला जातो, हेही तिच्या कानाने पकडलं. कातरणीच्या गोंगाटात तिने उगाच हयात घालवली नव्हती.

बुधवारी ती उभी राहिली. “मागच्या वेळी मी तुम्हाला ‘नेहमी’ म्हणाले होते. चूक झाली. तो शब्द मी मागे घेते. आय टेक इट बॅक.”

“इट मध्ये!” मागून कोणीतरी ओरडलं आणि सगळा हॉल हसला. सगळ्यात मोठ्याने डल्सी.

मग तिने तीन खोके मांडले, ‘मध्ये’, ‘मागे’ आणि ‘शेवटी’. बायका चिठ्ठ्या टाकत गेल्या. ‘रन ओव्हर’ची चिठ्ठी हातात आली तेव्हा मू पॉ थांबली.

“ही कुठे, थारामू?”

“अर्थ काय हवाय त्यावर,” डल्सी म्हणाली. “बोलायच्या आधी ठरव.”

तो वर्ग आणखी नऊ वर्षं चालला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डल्सीला उभं राहवेना, तेव्हा तिने खडू मू पॉच्या हातात दिला आणि स्वतः मागच्या बाकावर बसली. पण गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. नव्याने आलेल्या एका बाईला मू पॉ ‘लुक आफ्टर’ समजावत होती, तर मागून आवाज आला, “अजून एक उदाहरण दे की!”

मू पॉ वळली. “थारामू, वर्ग कोणाचा आहे?”

“तुझा.”

“मग हात वर करा आधी.”

डल्सीने निमूटपणे हात वर केला.