कल्याणच्या तळ्यावरील तीन लक्ष्म्या

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, खाडीची भरती अर्धी चढली असताना, आमचा मचवा (एका शिडाची होडी) ठाण्याच्या बंदरावरून निघाला. रंगूनच्या धक्क्यावर मोठमोठ्या आगबोटी पाहणाऱ्या माझ्या नातवंडांना हा मचवा पाहून हसू येईल. येऊ दे. त्यात बसलेल्या मंडळींपैकी सहा जणी दुसऱ्या दिवशी कल्याणचे शेणाळे तळे पोहून ओलांडणार होत्या, आणि तसे करणारे तुमच्या आगबोटीवर कितीसे असतील?

सामान मी स्वतः लावून घेतले होते. कोरड्या लुगड्यांची गाठोडी एकीकडे, दशम्यांचे डबे दुसरीकडे आणि मध्ये वाळलेले भोपळे. शिकणारीच्या कमरेला हे भोपळे बांधतात, म्हणजे ती बुडत नाही. या वेळी ते बांधायचे नव्हते. तरी बरोबर घेतले, कारण कल्याणातही नव्याने शिकणाऱ्या असतीलच.

ही पोहणाऱ्या बायकांची मंडळी कशी निघाली ते सांगते. एका श्रावणात ठाण्याच्या मासुंदा तळ्याच्या घाटावर धुणे धुताना एक बाई शेवाळावरून घसरली. तिला धरायला दुसरी गेली, दोघीही बुडाल्या. घाटावर बायका पुष्कळ होत्या. पोहता येणारी एकही नव्हती. तेव्हापासून मी घाटाच्या पंचांच्या मागे लागले आणि सूर्योदयापूर्वीची वेळ बायकांसाठी मागून घेतली. शिकवायला चेंदणीच्या कोळीवाड्यातली हिराबाई आली. पहिल्या हिवाळ्यात घोट्याएवढ्या पाण्यातही किंचाळणाऱ्या बायका दुसऱ्या हिवाळ्यात भोपळे सोडून तळ्याच्या मध्यापर्यंत जाऊ लागल्या.

पण पंचांतले मुख्य अण्णासाहेब. मनाने वाईट नाहीत, मात्र बाजारात कोणी कुजबुजले की त्यांना रात्रीची झोप येत नाही. त्यांनी मला बोलावून सांगितले, "माई, कल्याणच्या बायका तळे ओलांडतात म्हणता. तुमच्याही पलीकडे जाऊन परत येऊ देत. भोपळ्याशिवाय. एकीलाही होडीत ओढून घ्यावे लागले, तर बायकांची वेळ बंद, घाट पूर्वीसारखा. साक्षीला आमच्या घरचे माणूस येईल."

ते घरचे माणूस म्हणजे त्यांची पत्नी राधाबाई. आणि पोहणाऱ्या सहा जणींत त्यांचीच थोरली सून लक्ष्मी होती. लक्ष्मीचे माहेर नाशिकचे. वडिलांनी तिला लहानपणी गोदावरीत पोहायला शिकवले होते, त्यामुळे ती आमच्यात सर्वांत चांगली. अण्णासाहेबांच्या मुलाचे तिला पाठबळ होते, सासूबाईंचे नव्हते.

राधाबाई मचव्यात शिडाच्या सावलीला, पाण्याकडे पाठ करून बसल्या. सुकाणूवर हिराबाई. ती म्हणाली, "राधाबाय, जरा इकडं सरका गो, नायतर शीड तुमच्या डोस्क्यावर येल."

"येऊ दे," राधाबाई म्हणाल्या. "या वयात पाण्यावर आणून बसवलंत, आता डोक्याची काय काळजी करता?"

कळव्याच्या बाजूची मिठागरे सकाळच्या उन्हात भिंगासारखी चमकत होती. मिठाचे ढीग दुरून तंबूंसारखे दिसतात. खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत) बगळे एका पायावर उभे. मुंब्र्याचा डोंगर उजव्या हाताला बराच वेळ आमच्याबरोबर चालला आणि त्याच्या पायथ्याने आगगाडी धूर सोडत गेली. गाडीने गेलो असतो तर लवकर पोहोचलो असतो. पण इतक्या जणींना ओल्या केसांनी परत गाडीच्या डब्यात बसवणे राधाबाईंना पसंत नव्हते, आणि या एका गोष्टीत आमचे एकमत होते.

वाटेत मी मुलींकडून नियम म्हणवून घेतला. आमचा नियम असा : दम लागला की घाबरायचे नाही, उताणे व्हायचे, आकाश पाहात हळूहळू पाय मारायचे. काठावरून मी नाव घेऊन हाक मारीन, त्या हाकेच्या दिशेने यायचे. मासुंद्यावर धुक्यातसुद्धा हा नियम चुकला नव्हता.

"लक्ष्मी, तू सांग," मी म्हटले.

"घरी हिला गोदू म्हणायचे," सोनारांची काशी मध्येच बोलली. "हो ना गं? परवा तुझा भाऊ आला होता, तो म्हणत होता."

लक्ष्मीने मान खाली घातली. राधाबाई पाण्याकडे पाठ तशीच ठेवून म्हणाल्या, "ते नाव नाशकाच्या वेशीवर राहिलं. लग्नात तांदळात लिहून नाव ठेवलंय आम्ही. आमच्या घरात गोदू बिदू कोणी नाही."

हिराबाईने शीड सोडले आणि मचवा कलला, तेवढ्याने एक भोपळा पाण्यात पडला. त्याला पकडण्यात सगळ्यांची तोंडे पुन्हा सुरू झाली.

दिवा गावापाशी ओहोटी लागली आणि आम्ही चिखलात रुतलो. पुढच्या भरतीपर्यंत थांबणे आले. काठावर आगरी बायका वालाच्या शेंगा तोडीत होत्या. त्यांतली एक कमरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहू लागली.

"कुठं चालल्याव गो सगल्या? लगीन हाय का?"

"नाही हो, कल्याणला. पोहायला," काशी म्हणाली.

"पोवाला?" तिने मागच्या बाईकडे वळून पाहिले. "आयकलास का गो? ठान्यातलं पानी सरलंय."

त्या पोट धरून हसल्या. मग त्यांतल्याच एकीने ओटीभर शेंगा आणि दोन काकड्या मचव्यात टाकल्या. आमच्यात ब्राह्मण, प्रभू, सोनार अशा सगळ्या, त्यामुळे शिजवलेले अन्न जिचे तिचे. पण काकडीला कोणाची हरकत नव्हती. दशमीबरोबर ती फार गोड लागली. राधाबाईंनी चार फोडी खाल्ल्या आणि शेतवालीला विचारले, "बी कुठून आणलंस?" तेव्हा मला वाटले, यांचा राग अगदीच आतपर्यंत गेलेला नाही.

डोंबिवलीच्या अलीकडे भाताची कापलेली शेते, त्यांत उभ्या उडव्या (पेंढ्यांच्या रचलेल्या गंजी), आणि मग संध्याकाळच्या उजेडात दुर्गाडीचा बुरूज. कल्याणच्या बंदरावर उमाबाई स्वतः घ्यायला आल्या होत्या. त्यांच्याच वाड्यात आमची उतरण्याची सोय होती. त्या कल्याणच्या मंडळीच्या पुढारी. उंच, मोठ्या आवाजाच्या. त्यांनी सगळ्यांना आल्या-गुळाचा काढा पाजला, आमच्या मुलींचे दंड दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "बऱ्या आहेत. आमच्यापेक्षा बारीक आहेत, पण बऱ्या आहेत."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तळ्यावर गेलो. शेणाळे तळे मासुंद्याहून आडवे पसरलेले वाटले. पाण्यावर दाट धुके होते आणि पलीकडच्या काठावरची पांढरी समाधी तेवढी पुसट दिसत होती. तिच्या पायरीला हात लावून परत यायचे. डाव्या अंगाला कमळांचे दाट वेल. त्यांत पाय अडकला तर चांगला पोहणारासुद्धा सुटत नाही, असे उमाबाईंनी बजावले. होडी हिराबाईने घेतली. पुरुष एकही नव्हता. कासोटे घट्ट करून, पदर कमरेला खोचून, दोन्ही गावच्या बायका पाण्यात उतरल्या.

जाताना सगळे उत्तम झाले. धुक्यातून हातांचा छप-छप आवाज दूर गेला, मग पायरीवरून काशीची आरोळी आली, "पोचलो!" राधाबाई माझ्या शेजारी पायरीवर बसल्या होत्या. हातात जपमाळ होती, मणी पुढे सरकत नव्हता.

परतताना एकेक डोके धुक्यातून दिसू लागले. काशी आली. तिच्या मागोमाग आमच्या आणखी चौघी आल्या. लक्ष्मी मात्र मधोमध थकली होती. वाटेत एका नवशिक्या कल्याणकरणीला धीर देत ती तिच्या वेगाने पोहत राहिली, आणि थंडीने तिचे हात जड झाले, असे नंतर कळले. नियमाप्रमाणे ती उताणी झाली. नियमाप्रमाणे मी हाक मारली.

"लक्ष्मी, इकडे!"

पाण्यातल्या दोन कल्याणकरणींनी माना वळवल्या.

"आम्ही ठीक आहोत हो!" त्यांतली एक ओरडली.

मी उमाबाईंकडे पाहिले. "यांची नावे?"

"दोघीही लक्ष्मीच," उमाबाई म्हणाल्या. "एक जोश्यांची, एक गुप्त्यांची. घरात सून आली की लक्ष्मीच ठेवतात, मी काय करू?"

मी "ठाण्याची लक्ष्मी" म्हणून ओरडले, "अण्णासाहेबांची लक्ष्मी" म्हणून ओरडले. कान पाण्यात असलेल्या बाईला त्यातला एकच शब्द ऐकू जात होता, आणि त्या शब्दाला पाण्यातल्या दुसऱ्या दोघी ओ देत होत्या, म्हणून तो आपल्यासाठी आहे हे तिला कळेना. आकाशाकडे तोंड करून ती शांतपणे पाय मारीत होती आणि दर वेळी थोडी डावीकडे, कमळांकडे सरकत होती.

हिराबाईने होडी वळवली. तिचा हात पुढे झालेला मला दिसत होता. "माई, घेऊ का आत?" तिने विचारले. एकदा तिने लक्ष्मीला होडीत घेतले की आमचा घाट गेला. न घेतले तर काय होईल हे मला त्या श्रावणापासून ठाऊक होते. मी म्हणणार होते, घे.

इतक्यात माझ्या शेजारच्या राधाबाई उठल्या. दोन पायऱ्या उतरून, लुगडे भिजते आहे याची पर्वा न करता, पाण्यात उभ्या राहिल्या.

"गोदे!"

आवाज चिरका निघाला. त्यांनी पुन्हा हाक मारली.

"गोदे, उजवीकडे! अगं उजवीकडे वळ, गोदे, मी इथे आहे!"

तिकडे पाय थांबले. डोके वर आले. लक्ष्मी पालथी झाली, एकदा इकडे पाहिले आणि हाकेच्या सरळ रेषेत येऊ लागली. राधाबाई ती काठाला लागेपर्यंत हाक मारीत राहिल्या, आणि हिराबाई होडी घेऊन हात न लावता बाजूने येत राहिली.

पायरीला हात लागल्यावर लक्ष्मी धापा टाकीत म्हणाली, "सासूबाई, मला वाटलं बाबा आले."

"बाबा कशाला येतात? आधी अंग पूस," राधाबाई म्हणाल्या आणि स्वतःची शाल तिच्यावर टाकली.

परतीला ओहोटी मिळाली, म्हणून मचवा वेगाने निघाला. मुली केस वाळवीत होत्या. काशीला गप्प बसवत नाही, ती म्हणाली, "राधाकाकू, तुमचं माहेरचं नाव काय हो?"

"आठवत नाही."

"असं कसं?"

"अगं, हाक मारणारं कोणी उरलं नाही, मग नाव कोण आठवत बसतंय?"

दिव्याच्या आगरी बायका काठावर नव्हत्या. मिठागरांवर ऊन उतरले होते. मुंब्र्याचा डोंगर मागे पडत असताना राधाबाई या वेळी पाण्याकडे तोंड करून बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने, कोणी विचारले नसताना, त्या म्हणाल्या, "भागू."

ठाण्यात अण्णासाहेब ओटीवर वाट पाहात होते. मी काही बोलणार नाही असे ठरवूनच गेले होते. साक्ष माझी नव्हती.

"होडीत किती जणींना घ्यावं लागलं?" त्यांनी पत्नीला विचारले.

"एकीलाही नाही."

"कोणी मदत केली?"

"हाक मारली. हाक मारायची नाही असं तुम्ही म्हणाला नव्हता."

"आणि सूनबाई?"

"गोदू होय? ती शेवटी आली," राधाबाई आत जाता जाता म्हणाल्या. "पण पोहत आली."

घाटावरची आमची वेळ कायम राहिली आहे. फाल्गुनात कल्याणच्या मंडळीला इकडे बोलावले आहे, तेव्हा दोन लक्ष्म्या आणखी येतील. म्हणून आता पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकीला मी विचारते की तुला लहानपणी कोणत्या नावाने हाक मारायचे. काही जणी चटकन सांगतात. काहींना थोडा वेळ लागतो, आणि सांगताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. मुलांनो, तुम्ही सुट्टीत याल तेव्हा तुम्हांलाही मासुंद्यात उतरवीन. रंगूनच्या शाळेत तुम्हांला कोणत्या नावांनी ओळखतात मला ठाऊक नाही. माझ्याकडे तुम्हा दोघांची बाळपणाची नावे तयार आहेत.

कल्याणला नेलेले भोपळे तिथल्या शिकणाऱ्यांना दिले, एक तेवढा परत आला, तोही वाया गेला नाही. परवा सकाळी घाटावर राधाबाई आल्या, पायरीवर बसून राहिल्या, आणि शेवटी घोट्याएवढ्या पाण्यात उतरून म्हणाल्या, "हिराबाई, तो बांध बघू." गोदूने गाठ मारली. मग पाण्यात थोडे पुढे जाऊन ती आमच्याकडे वळली आणि मोठ्याने हाक मारली, "भागूबाई, इकडे या. मी इथे आहे."