शीतगृहाचं दार

फळांच्या शीतगृहात सगळे तिला दारवाली वहिनी म्हणत. जाडजूड दार उघडायचं, हातगाडी आत-बाहेर झाली की लगेच लावायचं, हे तिचं काम. कोरड्या दिवशी दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं तरी कुणी बोलत नसे. हवा दमट असली की मात्र यंत्रावरचे मामा ओरडत, "वहिनी, दार. बाहेरची वाफ आत आली की गारठ्याने तिचे थेंब होतात. त्या धुक्यात कुणाचा तरी पाय चिरडायचा."

दोन वर्षांत नवऱ्याने तिची दोन बोटं आणि एक दात मोडला होता. ती सांगे, पडले. मामा म्हणत, "तुमच्या घराला फार पायऱ्या दिसतायत." घर म्हणजे तळमजल्यावरची एक खोली.

त्या सकाळी तो म्हणाला होता, "येतोच तिथे. हातच मोडतो, म्हणजे नोकरीची मस्ती उतरेल."

दुपारी आला. पाऊस नुकताच थांबला होता, कपडे अंगाला चिकटत होते. फाटकातून येताना त्याच्या हातातली सळई तिला दिसली. पळायला दुसरी वाट नव्हती. तिने दार सताड उघडलं, प्लॅस्टिकचा पडदा बाजूला अडकवला आणि आत शिरली. दमट हवा मागोमाग घुसली. बघता बघता पांढरं धुकं कमरेपर्यंत आलं, मग डोक्यावर गेलं.

"कुठं मेलीस?" खोक्यांवर सळई हाणत तो येत होता. लाकडं फुटत होती, फळं पायाखाली चिरडत होती. एक घाव तिच्या खांद्यावर बसला. हाड मोडलेलं तिला ऐकू आलं. तिने स्वेटरची बाही दातांत धरली. रांगांमधली वाट पायांना पाठ होती. ती रांगत त्याच्या बाजूने निसटली, बाहेरून दार लोटलं आणि भरलेली हातगाडी दाराला लावून चाकं अडवली.

आतून धडका सुरू झाल्या. मामा धावत आले. "कोण आहे आत?"

"हे."

मामांनी हातगाडीला हात घातला. ती आडवी आली. डावा हात नुसता लोंबत होता.

"अहो, गारठून मरेल तो."

"अर्ध्या तासात कुणी मरत नाही. पोलिसांना फोन लावा. ते आले की मी स्वतः उघडते."

मामांनी फोन लावला. पत्ता सांगितला, मग तिच्याकडे वळले. "तक्रार कुणाची म्हणून विचारतायत."

दारावर सळई आपटली. तिचा खांदा ठणकला.

"माझी," ती म्हणाली. "द्या इकडे फोन."