कोपराजवळचा चट्टा

जर्मनीला निघाले त्या सकाळी आमच्या चौक गावच्या नाक्यावर विमानतळाची गाडी उभी होती आणि आई अजून माझ्या बॅगेत तांदळाचे पापड कोंबत होती. कोंबता कोंबता हळूच म्हणाली, "तिकडं कुणाला त्या चट्ट्याचं सांगत बसू नको गं." रसायनीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेल्या बाबांनी ते ऐकलं. "का नाय सांगायचं? बरी झालीय ती," एवढंच बोलले.

सुजे, तुला आठवत असेल. आपण तिसरीत होतो. माझ्या कोपराजवळ फिकट डाग, ना खाज, ना दुखणं. शाळेत तपासायला आलेल्या बाईंनी मला डोळे मिटायला लावून त्यावरून कापूस फिरवला. मला काहीच कळलं नाही. कुष्ठरोग हा शब्द आईनं घरात कधी काढला नाही. "ते औषध" म्हणायची. सहा महिने गोळ्या. पहिल्याच दिवशी त्या गोळ्यांनी लघवी लाल झाली, तेव्हा आता मी मरणार म्हणून केवढी रडले होते! वर्गातल्या पोरी बाकावरून उठून गेल्या. तू बसून राहिलीस, वर माझ्या डब्यातली भाजीही संपवलीस.

ब्रेमेनच्या हॉस्पिटलात नर्स होऊन मला सात वर्षं झाली. नवरा, दोन मुलं, 'फ्रूडीन्स्ट' म्हणजे सकाळची ड्यूटी, सगळं अंगवळणी पडलं. चट्ट्याचं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मग गेल्या वर्षी तुझा व्हिडिओ कॉल आला. आता घरोघरी आरोग्याचं काम करणारी आशाताई झालेली तू आपल्या गावातल्याच एका घरात बसली होतीस. आठ वर्षांच्या दीक्षाच्या पाठीवर तसाच चट्टा होता, आणि तिची आई गोळ्या द्यायला तयार नव्हती. "गावात कळलं तर पोरीचं लगीन कसं व्हायचं?"

"तूच बोल बाय," म्हणत तू फोन तिच्या आईसमोर धरलास.

मी कँटीनमध्येच युनिफॉर्मची बाही वर केली. "मलाबी झालं होतं, ताई. लवकर गोळ्या घेतल्या, बरी झाले."

तिनं फोन जवळ ओढून चट्टा बघितला. "लगीन झालंय तुमचं?"

"झालंय. दोन पोरं हायत."

ती हसली. दीक्षानं पहिला डोस आपल्या दोघींसमोरच गिळला आणि जीभ काढून दाखवली.

या मे महिन्यात सुट्टीवर आले, तोवर तिचं औषध पुरं झालं होतं. तिच्या आईनं जेवायला बोलावलं. निम्मी आळी पंगतीला. वाढता वाढता ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्या त्याच. आमच्या दीक्षीला झालं ना, तेच ह्यांनाबी झालं होतं." माझा घास हातातच राहिला. मी मान वर केली. सगळे जेवत होते, पंगतीतून कुणी उठलं नव्हतं. समोरच्या आजोबांनी वाटी पुढे केली, "रस्सा आण गं."

घर ब्रेमेनलाही आहे, आणि ते मला आवडतं. पण माझं गाव कुठलं, हे मला त्या पंगतीत कळलं. मीही वाटी पुढे केली.